उजव्या वळणाचा मुराळी

माझा बिरूमामा वयाच्या चाळिशीत सायकल शिकला आणि मरेपर्यंत ती त्याला फक्त उजवीकडे वळवता आली. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्यात. पण त्यात हसण्याचा पहिला मान माझा आहे, कारण त्या उजव्या वळणापायी माझ्या आईला तिचं माहेर परत मिळालं.

मामा नांद्याचा. गावाबाहेर माळावर धनगरांची चार-पाच घरं होती, त्यातलं एक त्याचं. घरात तो, त्याची आई तुळजाबाई आणि पाऊणशे मेंढरं. मामानं लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हितं मेंढरं वळवता वळवता जीव जातोय, आनिक बायकू कुटं वळवू?" त्याची धाकटी बहीण तुकाबाई म्हणजे माझी आई. ती पौडाच्या पुढे, माल्याकडे जाताना उजव्या हाताला लागणाऱ्या आमच्या वाडीत दिलेली. मधे नऊ कोसांची वाट. एस.टी. पौडापर्यंत यायची, तीही रोज येईलच असं नाही. बाकी सगळा भरवसा पायांवर.

आमच्या घरात माझ्या आजीचं राज्य होतं. बयाबाई. तरुणपणीच नवरा गेलेला, तिनं एकटीनं जमीन राखली आणि माझ्या बाबांना वाढवलं. बाबा तिच्यासमोर मान वर करून बोलल्याचं मला आठवत नाही. आजीची जीभ तिखट होती, पण त्याहून मोठी अडचण अशी की तिच्या तोंडातून एकदा शब्द गेला की तो गेला. आख्खी वाडी तिच्या शब्दावर व्यवहार करायची आणि तिला त्याचा भारी अभिमान होता.

त्रेपन्न सालच्या दिवाळीत घोळ झाला. भाऊबिजेला बहिणीला माहेरी न्यायला जो माणूस येतो त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. बिरूमामा मुराळी म्हणून आला आणि आईला नि मला घेऊन गेला. मी तीन वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी आणून सोडतो असं त्यानं कबूल केलं होतं, आणि आणून सोडलं सातव्या दिवशी, कारण नांद्याला मला ताप भरला. इकडे भाताची कापणी अर्ध्यावर, घरात हात कमी, आणि नेमका अवकाळी पाऊस आला. कापलेलं भात खाचरात भिजून उगवलं. आम्ही परत आलो तेव्हा आजी दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभी होती. चार माणसांत तिनं सांगितलं, "आजपासनं ह्या उंबऱ्यातनं मुराळी माजी सून न्हेणार न्हाई. बिरोबानं सांगितलं तरच."

बिरोबा म्हणजे आमच्या अंगणातला देव. उंबराच्या झाडाखाली दगडी ओटा आणि त्यावर तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला बिनघडणीचा दगड. तो काही कुणाला सांगायला येणार नव्हता.

पुढच्या दोन्ही दिवाळ्यांना मामा नऊ कोस चालत आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला, आजीला "येतो आत्याबाई" म्हणाला आणि रिकाम्या हातानं परत गेला. आई त्याला रस्त्यापर्यंत सोडायला जायची आणि परत येऊन मुकाट भात झोडायला लागायची. माझा तापच या सगळ्याला कारण होता हे मला कुणी तरी सांगितलं होतं. त्यामुळे त्या वयातही मला मामाच्या पाठीकडे बघवायचं नाही.

छप्पन सालच्या पावसाळ्यात तुळजाबाईची नजर गेली. म्हणजे अगदी गेली नाही, पण दोन्ही डोळ्यांवर पडदा आला. ती मामाला रोज एकच गोष्ट म्हणायला लागली, "बिरू, उजेड हाय तवर तुकीचं तोंड दाव रं मला."

मामा शिकलेला नव्हता, पण पाऊणशे मेंढरांतलं एक कमी झालं तर लांबून ओळखणारा माणूस होता. त्यानं हिशेब मांडला. म्हातारीचा राग कशावर आहे? दिवसांवर. चालत नेलं तर जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. पण सायकल असली तर? पाडव्याला सकाळी निघायचं, दुपारच्या आत वाडीला पोचायचं, तुकीला आणि पोरीला घेऊन दिवस मावळायला नांद्याला. सकाळी ओवाळणी, आणि सांजेला परत वाडीला. एका रात्रीचा मामला. "येका रातीला म्हातारी न्हाई म्हनायची न्हाई," असं त्यानं स्वतःला पटवलं. राहिला प्रश्न सायकलीचा. ती त्याच्याकडे नव्हती, आणि ती चालवता येत नव्हती, हे दोन्ही प्रश्न त्याला किरकोळ वाटले.

नांद्यात वाल्मीक नावाचा शेतकरी रोज सकाळी सायकलवरून पुण्याला दूध घालायला जायचा आणि दुपारी परत यायचा. काळी, दणकट सायकल, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आकडे. मामानं त्याला गाठलं. "दुपारनं तुजी सायकल मला दे. तुज्या रानात आठ राती मेंढरं बसवतो." मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंडीखत आपोआप पडतं आणि पुढचं पीक जोमदार येतं. शेतकरी त्यासाठी धनगरांच्या मागं लागायचे. वाल्मीक लगेच कबूल झाला, वर शिकवायचंही त्यानं मान्य केलं.

पण शिकायचं कुठं? नांद्यात तेव्हा सपाट अशी एकच जागा होती, भैरोबाच्या देवळाभोवतालची फरसबंदी. बाकी सगळा चढ, उतार आणि धोंडे. मामानं वहाणा बाहेर काढल्या, भैरोबाला हात जोडले, देवळाच्या पायरीवर उभा राहून सायकलवर टांग टाकली आणि वाल्मीकनं मागून कॅरिअर धरलं. पहिल्या दिवशी मामाचं धोतर साखळीत गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं घोट्याला लोकरीची दोरी आवळली. चालतानाही लोकर कातणाऱ्या माणसाच्या हातांना नुसतं हँडल धरून बसणं जमेना. ते सारखे काही तरी पिरगाळायला बघायचे आणि सायकल नागमोडी पळायची. मग मामा मेंढरांना ओरडतो तसा तिला ओरडायचा, "हुर्रर्र! हितं कुटं चाललीस?"

आठ दिवसांत तो देवळाभोवती एकटा फिरायला लागला. वाल्मीक खूष होऊन म्हणाला, "बिरूआन्ना, आता उलटं फिरा. डावीकडं बी वळता आलं पायजे."

मामानं सायकल पायरीला टेकवली आणि त्याच्याकडे बघितलं. "देवाला उलट्या फेऱ्या? तुजं टाळकं ठिकान्यावर हाय का?"

"देवाला न्हाई हो, सायकलीला!"

"सायकलीवर कोन बसलंय? मीच ना?"

वाल्मीकनं सायकल पायरीवरून काढली आणि पुन्हा उजवीकडे तोंड करून त्याच्या हातात दिली. देवाला उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं असतं. मामा तसाच फिरला, महिनाभर, रोज दुपारी. गावातली माणसं पारावर बसून बोलायची, "बिरूनं भैरोबाला लाख फेऱ्यांचा नवस केलाय." चढायचं उजव्या अंगानं पायरीवरून, उतरायचं उजव्या पायानं पायरीवर, आणि वळायचं उजवीकडे. तेवढीच विद्या पक्की झाली. ब्रेक एकच होता, तोही नावाला.

पुढे त्यानं लांब पल्ल्याचा सराव धरला. आधी लवळ्यापर्यंत, मग पिरंगुटापर्यंत. कॅरिअरवर लेंडीखताचं एक पोतं बांधायचा. "तुकी येवढीच आसंल," म्हणायचा. आईचं वजन त्यानं तिच्या लग्नातलं धरलं होतं. तेव्हा ती तेरा वर्षांची काटकुळी पोर होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आणि डावीकडे जायचं झालं तर? त्याचाही त्यानं मार्ग काढला. मोकळी जागा बघून उजवीकडून मोठा गोल घ्यायचा, पाऊण फेरी झाली की आपोआप तोंड डावीकडे होतं. वेळ लागायचा, पण मेंढरामागं जन्म काढलेल्या माणसाला घाई कसली असते हेच ठाऊक नव्हतं.

पाडवा उजाडला. वाल्मीकनं ते दोन-तीन दिवस दूध पुण्याला नेलंच नाही, दिवाळी आहे म्हणून गावात वाटून टाकलं. मामानं भैरोबाच्या पायरीवरून टांग टाकली ती एकदम लवळ्याच्या पुढे एका मैलाच्या दगडाजवळ उतरायला. उतरायला आणि परत चढायला दगड लागायचा, म्हणून तो मैलाचा दगड आल्याशिवाय थांबायचा नाही. तहान लागली तर तहानेनं पुढच्या दगडापर्यंत कळ काढायची. पिरंगुटाला मोठा रस्ता लागला तो उजवीकडे पौडाला जाणारा. पौडाच्या पुढे आमची वाडीही उजव्या हाताला. पुढे मामा नेहमी सांगायचा, "देवानंच तुकीला उजवीकडं दिली. डावीकडं दिली आसती तर मी कोकनात उतरलो आसतो."

आमच्या अंगणात त्या वेळी भात झोडणं चाललं होतं. वाडीतल्या पाच-सहा बायका, आई, बाबा, सगळे होते. आजी ओसरीवर बसून सुपानं भात पाखडत होती. मी कोंबड्या हाकत होते. तेवढ्यात वरच्या उतारावरून घंटी वाजली आणि पाठोपाठ आरोळी आली, "सरकाऽ! सरकाऽ!"

मी वर बघितलं. पांढरं मुंडासं, फुगलेलं धोतर आणि काळी सायकल उतारावरून सुसाट खाली येत होती. आमच्या अंगणाच्या पुढे एकदम पुरुषभर खाली खाचर होतं. सरळ गेला असता तर हात-पाय मोडले असते. मामानं वळवली. वळवली म्हणजे कुठे, तर उजवीकडे, आणि अंगणात उजवीकडे वळून जाण्यासारखी एकच गोष्ट होती, बिरोबाचा ओटा.

ओट्याभोवती त्याची एक फेरी झाली. कोंबड्या उडाल्या. बायका सुपं-टोपल्या घेऊन बाजूला झाल्या. दुसऱ्या फेरीला मी बघितलं, मामाचा उजवा पाय पॅडलवरून उचलला गेला, ओट्याकडे सरकला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. उतरायला दगड तर हाताशी होता, पण त्यावर देव बसला होता. देवाच्या ओट्यावर पाय कसा ठेवणार? तिसरी फेरी. चौथी. दर फेरीला पाय बाहेर यायचा आणि परत जायचा. मामाचं तोंड रडवेलं झालं होतं. पाचव्या फेरीला सायकलचा वेग मंदावला, ती डुलायला लागली, आणि मामा सायकलीसकट पेंढ्याच्या गंजीत जाऊन पडला.

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आजीकडे बघितलं. आईच्या हातातली भाताची पेंढी हातातच राहिली होती. मला तिचा चेहरा अजून दिसतो. आता म्हातारी काय बोलते यावर तिचं माहेर राहणार होतं किंवा कायमचं जाणार होतं.

आजीनं सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला आणि सावकाश चालत गंजीपाशी आली.

"बिरू, किती फेऱ्या घातल्यास?"

मामाच्या मुंडाशात पेंढा अडकला होता. "मोजल्या न्हाईत, आत्याबाई."

"पाच!" मी ओरडले. मला नुकतंच मोजायला यायला लागलं होतं.

"पाच," आजी म्हणाली. मग वळून सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "मुराळी दारात आला, पानी मागितलं न्हाई, भैनीकडं बगितलं न्हाई. आदी देवाला पाच फेऱ्या घातल्या. बिरोबानंच त्याला फिरवला. देवाच्या मनात हाय तर मी कोन आडवी येनार? तुके, लुगडं बदल. पोरीला घे."

मामा उठून बसला. आमचा मामा सरळ माणूस. त्याला खोटं सहन होईना. "आत्याबाई, खरं सांगायचं तर मला..."

"परसाद घे आन् गप बस," आजीनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "उद्या सांजच्याला दिवा लागायच्या आत मानसं माज्या दारात पायजेत."

परतीची वाट मी कधीच विसरणार नाही. मी पुढे दांडीवर घोंगडीच्या घडीवर बसले होते, आई मागे कॅरिअरवर. चढ आला की तिघं उतरून चालायचो. मामा धापा टाकत म्हणायचा, "पोतं बरं हुतं गं तुके." आणि जाताना जे जे उजवं होतं, ते येताना सगळं डावं झालं होतं. पिरंगुटाला लवळ्याकडे वळायचं होतं. मामानं चहाच्या हॉटेलासमोरच्या मोकळ्या जागेत सायकल घातली, तिथं बसलेल्या माणसांच्या पायाजवळून उजवीकडून आख्खा वळसा घेतला, "राम राम पाव्हनं, राम राम" करत पाऊण फेरी पूर्ण केली आणि लवळ्याच्या वाटेला लागला. आईला कळेना. तिनं विचारलं, "दादा, असं का रं?" मामानं सगळं सांगितलं. भैरोबा, फरसबंदी, वाल्मीक, उलट्या फेऱ्या. आणि अंगणातल्या पाच फेऱ्यांचं खरं कारणही.

आई हसायला लागली. इतकी हसली की सायकल हलायला लागली, मामा ओरडायला लागला आणि शेवटी मैलाचा दगड गाठून आम्ही उतरलो. आई रस्त्याच्या कडेला बसून पदर तोंडाला लावून हसत होती. माझी आई मोठ्यानं हसते हे मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षांची होईपर्यंत मी ते ऐकलं नव्हतं.

दिवस मावळताना नांद्याला पोचलो. तुळजाबाई दारातच बसली होती. तिनं आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मावळतीकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. "दिसतीस गं," ती म्हणाली. "धुरातनं दिसावी तशी दिसतीस." दुसऱ्या दिवशी ओवाळणी झाली, आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आत आम्ही वाडीला पोचलो. आजी उंबऱ्यात उभी होती. तिनं आमच्याकडे बघितलं नाही, सूर्य किती राहिलाय ते बघितलं आणि आत गेली.

तेव्हापासून दर दिवाळीला आई माहेरी जाऊ लागली. पुढच्या वर्षी तुळजाबाईला काहीच दिसत नव्हतं, पण हातांना दिसत होतं. आणखी वर्षानं ती गेली, तरी मामाचं मुराळी येणं चुकलं नाही. कधी वाल्मीकच्या सायकलवरून यायचा, पुढे एस.टी. नीट सुरू झाल्यावर एस.टी.नं. पण कसाही आला तरी वाडीत शिरला की वहाणा काढायचा, कुणाशी न बोलता बिरोबाच्या ओट्याला पाच फेऱ्या घालायचा आणि मगच ओसरीवर टेकायचा. एकदा मी त्याला चिडवलं, "मामा, आता तरी उतरता येतं की रे तुला." तर गंभीर होऊन म्हणाला, "देवाच्या नावावर खोटं खपलंय माजं. जल्मभर फेडतुया." मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. आता नांद्याला उंच इमारती झाल्या, भैरोबाच्या देवळाभोवती गुळगुळीत फरशी आली, आणि त्या फरशीवरून चालताना मला रडू येतं.

सहासष्ट साली आजी अंथरुणाला खिळली. मी सोळा वर्षांची होते, तिचं सगळं करायला मीच असायचे. एका दुपारी ती म्हणाली, "दिवाळी जवळ आली. तुजा मामा यील. अजून फेऱ्या घालतो न्हवं?"

मी नुसतं "हो" म्हटलं. इतक्या वर्षांत घरात ते गुपित कुणी फोडलं नव्हतं.

आजी हसली. दात नव्हते, त्यामुळे फक्त गाल हलले. "मला काय येडी समजता व्हय गं? देवाला फेऱ्या घालनारा मानूस 'सरका सरका' म्हून आरडत असतो का?"

मी तिच्या अंथरुणाजवळ सरकले. "मग तू आईला सोडलंस कसं?"

ती छपराकडे बघत म्हणाली, "तीन वरीस तुज्या आईचं तोंड बगत हुते मी. खाली घालून काम करायची, येका शब्दानं बोलली न्हाई. मला काय काळीज न्हवतं? पर चार मान्सांत बोलून बसले हुते. मागारी कसं वळायचं त्ये मला बी कुनी शिकवलं न्हवतं." ती पुढे म्हणाली, "त्यो आला तसा, आन् मला वळायला जागा झाली."

दिवाळीच्या आधीच आजी गेली. दहाव्याला मामा आला. केस पांढरे झाले होते, घोट्याला लोकरीची दोरी बांधायची सवय मात्र तशीच होती. नेहमीसारखा कुणाशी न बोलता तो ओट्याकडे निघाला, तेव्हा मी त्याला अडवलं आणि आजीनं मला सांगितलेलं सगळं सांगितलं. मला वाटलं, त्याच्या मनावरचं दहा वर्षांचं ओझं उतरेल, आता फेऱ्यांची गरज उरली नाही.

मामा ओसरीच्या पायरीवर बसला. आजीची रिकामी जागा, भिंतीला टेकवलेलं तिचं सूप, सगळं बघत राहिला. मुंडासं काढून त्यानं डोळे पुसले. मग उठला, वहाणा काढल्या आणि बिरोबाच्या ओट्याभोवती चालायला लागला. सावकाश, एकेक पाऊल टाकत. मी मोजत होते. पाच झाल्या तेव्हा मी विचारलं, "मामा, आता या कशाच्या?"

"ह्या पाच देवाच्या. आता म्हातारीची," तो म्हणाला, आणि सहावी फेरी घालायला वळला.